सीलरमध्ये मिसळायची घसरणरोधक भुकटी: कुठली घ्यावी, किती टाकावी

स्टॅम्प्ड काँक्रीटचा ओटा पाणी पडलं की निसरडा होतो, तेव्हा शिव्या काँक्रीटला पडतात. खरा दोष बहुतेक वेळा त्यावर मारलेल्या चकचकीत सीलरचा असतो. दगडाचा किंवा विटेचा ठसा उमटवलेलं काँक्रीट सीलर न मारता ओलं केलं, तर पाय बऱ्यापैकी धरतं. अ‍ॅक्रिलिक सीलरचे दोन हात बसले की रंग उठून दिसतो, डाग आत मुरत नाहीत, आणि त्याचबरोबर सिमेंटच्या अंगाची बारीक खरखर भरून निघते. पाऊल टिकतं ते त्या खरखरीवर. यावर बाजारात मिळणारा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे सीलरच्या शेवटच्या हातात मिसळायची भुकटी. हा आढावा तिचा.

निकाल आधीच सांगून टाकतो. पॉलिमरची पारदर्शक भुकटी ओटा, बागेतली वाट आणि पोहण्याच्या तलावाचा काठ यांसाठी जरूर घ्यावी. पायऱ्यांवर तिच्या जोडीला आणखी काही लागतं. उतारावर तिच्या एकटीच्या भरवशावर राहू नये. तेल सांडणाऱ्या जागी ती घेऊच नये.

"ठसा एवढा खोल आहे, मग पाय घसरेल कसा?" ही शंका हमखास निघते. ठशाच्या खाचा काही मिलिमीटर खोल असतात खऱ्या, पण दोन खाचांमध्ये वीतभर ते हातभर अंतर असतं. टाच पडते ती मधल्या सपाट दगडावर, आणि घसरण सुरू होते ती टाच टेकण्याच्या क्षणी. तेवढ्या क्षणात टाचेखालचं पाणी बाजूला हटलं नाही, तर पाय पाण्याच्या पातळ पडद्यावर तरंगतो. तो पडदा फोडायला पृष्ठभागावर सूक्ष्म टोकं लागतात. ब्रिटनच्या एचएसई या सुरक्षा-संस्थेच्या मार्गदर्शनात, स्वच्छ पाण्याने ओल्या होणाऱ्या जमिनीसाठी २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून जास्त खडबडीतपणा असेल तर घसरण्याचा धोका कमी धरतात, आणि १० च्या खाली असेल तर जास्त. जमिनीवर पाण्यापेक्षा दाट काही सांडत असेल, तर याहून बराच जास्त खडबडीतपणा लागतो. खाच किती खोल आहे याचा या आकड्याशी संबंध नाही.

आता सीलरचं गणित पाहा. एक लिटर अ‍ॅक्रिलिक सीलर साधारण ५ ते ७ चौरस मीटरला पुरतं. म्हणजे ओला थर १४० ते २०० मायक्रॉनचा बसतो. त्यात घनपदार्थ २५ टक्के धरला, तर वाळल्यावर ३५ ते ५० मायक्रॉन उरतो. दोन हात झाले की ७० ते १०० मायक्रॉन. सिमेंटची मूळची खरखर त्याच्या खाली गाडली जाते. त्यातून वर डोकं काढायचं तर दाणा थराच्या जाडीपेक्षा ठळकपणे मोठा हवा. म्हणून डब्यावर दाण्याचा आकार मायक्रॉनमध्ये किंवा मेशमध्ये (चाळणीच्या जाळीच्या मापात) लिहिलेला नसेल, तर ती भुकटी घेऊ नये. "अतिसूक्ष्म, हाताला जाणवतही नाही" अशी जाहिरात असेल तर जास्तच सावध राहावं. हाताला जाणवत नाही ते टाचेलाही जाणवायचं नाही.

भुकट्यांचे मुख्य प्रकार चार. पॉलिमरची, बहुधा पॉलीप्रॉपिलिनची, ही घरगुती सजावटी काँक्रीटसाठी आमची पहिली निवड, आणि तिचं कारण घनतेत आहे. पॉलीप्रॉपिलिनची घनता ०.९ च्या आसपास असते आणि सॉल्व्हंट सीलरचीही (ज्यात पाण्याऐवजी उडून जाणारा रासायनिक द्रावक असतो) जवळपास तेवढीच. त्यामुळे दाणे डब्याच्या तळाशी लगेच बसत नाहीत, रोलरवर सारखे चढतात आणि थरात सारखे पसरतात. दाणा अर्धपारदर्शक असल्याने खालचा रंग दिसत राहतो. अनवाणी पायाला तो बोचत नाही. उणी बाजू म्हणजे दाणा मऊ असतो. गाडीच्या चाकांखाली किंवा रोज ओढल्या जाणाऱ्या लोखंडी खुर्च्यांच्या पायांखाली त्याची टोकं लवकर घासली जातात.

अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड म्हणजे ज्याचा पॉलिश पेपर बनतो तोच पदार्थ. मोह्‌सच्या मापावर काठिण्य ९, त्यामुळे झीज जवळपास नाहीच. पण घनता ३.९५ असल्याने ढवळणं थांबवलं की दाणा तळ गाठतो. तपकिरी दाणा फिक्या रंगावर उठून दिसतो, म्हणून पांढरा मागून घ्यावा. लहान मूल गुडघ्यावर पडलं तर सालटं निघतं. तेव्हा तलावाच्या काठाला हा नको. गॅरेजमध्ये, कठीण इपॉक्सीच्या थरावर, याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही.

वाळू स्वस्त आणि सगळीकडे मिळणारी, पण काम ओबडधोबड. घ्यायचीच असेल तर धुतलेली, भट्टीत वाळवलेली आणि एकसारखी चाळलेली सिलिका वाळू घ्यावी. बांधकामाच्या ढिगातली नको. तिच्यातली माती सीलरला गढूळ करते आणि ओल पांढरे डाग आणते. काचेच्या गोल मण्यांबद्दल एवढंच की गोल दाण्याला धार नसते. चमक टिकते, पण ओल्यात पकड कमी. मणी दिसायला छान म्हणून विकले जातात, आणि तेवढ्यापुरतेच घ्यावेत.

प्रमाणाच्या बाबतीत सगळ्यात जास्त गफलत होते. पॉलिमर भुकटी साधारण २० ते २५ ग्रॅम प्रति लिटर टाकतात. आपल्या डब्यावर वेगळा आकडा असेल तर डब्याचं ऐकावं. २४ ग्रॅम प्रति लिटर आणि ६ चौरस मीटर प्रति लिटर धरलं, तर चौरस मीटरवर ४ ग्रॅम भुकटी पडते. दाणा १५० मायक्रॉनचा असेल तर चौरस सेंटिमीटरला सुमारे २५० दाणे. टाचेखाली पुरेशी टोकं यायला एवढं भरपूर झालं. आता तेच २४ ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड टाकलं, तर दाणा तेवढ्याच आकाराचा पण चौपटीहून जड, म्हणून दाण्यांची संख्या पाव हिश्श्याच्याही खाली येते. एका भुकटीचं वजनाचं प्रमाण दुसरीला लावायचं नाही ते यासाठी. आकाराची पट्टीही तितकीच कडक आहे. २५० मायक्रॉनचा दाणा असेल तर त्याच ४ ग्रॅममध्ये दाणे चौरस सेंटिमीटरला पन्नासेक उरतात. पकड तरी मिळते, पण पोत उठून दिसतो आणि पुसायला गेलं की फडकं अडकतं.

"थोडी जास्त टाकली तर जास्त पकड" हा हिशेब एका मर्यादेपर्यंतच चालतो. त्यापुढे दाणे एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात, थर दुधाळ दिसतो, आणि मळ धरून ठेवणारी जमीन तयार होते. अशी जमीन झाडूने साफ होत नाही, ब्रश घ्यावा लागतो.

भुकटी सुकी थेट डब्यात ओतली तर ती वर तरंगत राहते आणि तिचे गोळे होतात. आधी एका भांड्यात थोडं सीलर घेऊन तिचा सैलसर लगदा करावा, मग तो डब्यात सोडून सावकाश ढवळावा. ड्रिलला लावलेली रवी वापरायची तर वेग कमीत कमी. जोरात फिरवलं की हवा शिरते आणि वाळल्यावर थरावर टाचणीच्या डोक्याएवढे फोड दिसतात. ट्रेमध्ये एका वेळी थोडंच ओतावं आणि दर काही मिनिटांनी डबा तळापासून हलवावा. पॉलिमर तळाशी बसत नाही म्हणून ढवळायचं सोडलं, तर पहिला कोपरा गुळगुळीत आणि शेवटचा कोपरा पॉलिश पेपरसारखा होतो.

मिसळायची ती फक्त शेवटच्या हातात. पहिल्या हातात टाकलेले दाणे दुसऱ्याखाली बुडतात, भुकटी वाया जाते आणि थर उगाच जाड होतो. रोलर ९ ते १० मिलिमीटर लवेचा, सॉल्व्हंटला टिकणारा. साधा फोमचा रोलर सॉल्व्हंट सीलरमध्ये विरघळून जमिनीवरच चिकटतो. एकदा आडवा, लगेच उभा फिरवावा आणि सोडून द्यावं. अर्धवट वाळलेल्या जागी पुन्हा हात फिरवला की दाणे ओढले जाऊन पट्टे उमटतात. थांबायचं असेल तर ठशाच्या खाचेवर थांबावं, मग सांधा दिसत नाही. बागेत फवारणी करतात त्या पंपाने ही भुकटी मारायला जाऊ नये, नोझल तुंबतो. मोठी जागा असेल तर नुसतं सीलर फवारावं आणि भुकटी मिसळलेला शेवटचा हात रोलरने द्यावा.

पायऱ्यांच्या पुढच्या कडेला आणि तलावाच्या काठाला दुसरी रीत चांगली. पहिला हात ओला असतानाच चाळणीने भुकटी वरून भुरभुरायची, पूर्ण वाळू द्यायची, सुटे दाणे मऊ झाडूने काढून टाकायचे आणि वर पातळ दुसरा हात द्यायचा. यात टोकं जास्त वर राहतात. पण हात सारखा पडला नाही तर गडद रंगावर ढगासारखे डाग दिसतात. कोळशासारख्या किंवा चॉकलेटी रंगावर हे काम कुणाकडून करून घ्यायचं असेल, तर आधी कोपऱ्यात ६० बाय ६० सेंटिमीटरचा नमुना मागावा. तो वाळल्यावर उन्हात आणि ओला करून, दोन्ही वेळा पाहावा.

भुकटी कितीही चांगली असली तरी खालची जमीन तयार नसेल तर थर पापुद्र्यांनी निघतो, आणि भुकटी पापुद्र्याबरोबर जाते. नवं काँक्रीट २८ दिवस होऊ द्यावं. ठसा उमटवताना साचा चिकटू नये म्हणून वापरलेली रिलीज पावडर नीट धुतलेली हवी. बोटाला रंग लागत असेल तर धुणं झालेलं नाही असं समजावं. ओल तपासायला ४५ सेंटिमीटर चौरस पारदर्शक प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून किमान १६ तास ठेवावं. खाली थेंब जमले किंवा काँक्रीट काळपट झालं, तर सीलर मारायचं नाही. हवा आणि जमीन दोन्ही १० ते ३२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावीत. तापलेल्या जमिनीवर सॉल्व्हंट भराभर उडतो, रोलरमागे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे ओढले जातात आणि दाणे जागच्या जागी गोठतात.

काम झाल्यावर थर पांढुरका दिसला तर तो बहुधा ओलीचा किंवा जाडीचा परिणाम असतो, भुकटीचा नव्हे. सॉल्व्हंट अ‍ॅक्रिलिक असेल तर कोरड्या दिवशी पातळ झायलीनचा एक हलका हात दिला की थर मऊ होऊन अडकलेली ओल निघते. पॉलीप्रॉपिलिनचा दाणा थंड झायलीनमध्ये विरघळत नाही, त्यामुळे पकड जात नाही. फक्त रोलर अगदी हलका फिरवावा. झायलीनची वाफ पेट घेते. जवळ शेगडी, गिझरची ज्योत किंवा विडी-सिगारेट नको, आणि सेंद्रिय वाफांसाठीचं काडतूस असलेला मास्क हवा. धुळीचा कापडी मास्क वाफ अडवत नाही.

सीलर कुठलं, याने भुकटीचं नशीब बरंच ठरतं. सॉल्व्हंट अ‍ॅक्रिलिक दुरुस्तीला सोपं, रंग गडद करणारं, पण चकचकीत. पाण्यात मिसळणारं अ‍ॅक्रिलिक वासाला सौम्य आणि थोडं मंद चमकेचं. त्यात हलके पॉलिमर दाणे वर तरंगण्याकडे कललेले असतात, म्हणून ढवळणं आणखी महत्त्वाचं. पॉलीयुरेथेन कठीण, दाणे घट्ट धरून ठेवणारं, पण पुढे काढायचं म्हटलं तर घाम फोडणारं. सिलेन-सिलॉक्सेनची झिरपणारी सीलरं थरच बनवत नाहीत. काँक्रीटची मूळ खरखर तशीच राहते आणि भुकटीची गरज पडत नाही. दाणे धरायला थर नसल्यामुळे त्यात भुकटी मिसळून उपयोगही नाही. ओल्या जागी चमक हवीच असा हट्ट नसेल, तर आम्ही आधी हाच पर्याय सुचवू. भुकटी हा चमक हवी असणाऱ्यांसाठीचा इलाज आहे.

डब्यावरच्या आकड्यांबद्दल थोडं. "०.४२ पेक्षा जास्त" असं लिहिलेलं असतं. हा घर्षणाचा आकडा अमेरिकेतल्या टाइलच्या मानकातला, घरातल्या सपाट आणि पाण्याने ओल्या होणाऱ्या जागांसाठीचा. बाहेरचा उतार, साबण, तेल यांची हमी तो देत नाही. दुसरी लंबकाची चाचणी, तिच्यात टोकाला रबर लावलेला लंबक जमिनीला घासत नेतात. तिच्यात ३६ किंवा जास्त आलं तर धोका कमी, २५ ते ३५ मध्यम, त्याखाली जास्त. हा आकडा ओल्या जमिनीवरचा आहे का, आणि कुठल्या रबराने घेतला, ते विचारावं. बुटांसाठी कडक रबर असतं आणि अनवाणी पायांसाठी मऊ. जर्मन मानकातलं आर-९ ते आर-१३ हे तेल लावलेल्या उतारावर बूट घालून चालण्याचं माप आहे. आर-९ ऐकायला भारदस्त वाटतं, पण ती सगळ्यात खालची पायरी. अनवाणी पायांसाठी त्याच देशात ए, बी, सी असे वेगळे वर्ग आहेत: १२, १८ आणि २४ अंशांचे. तलावाच्या काठासाठी "आर" सांगणाऱ्या विक्रेत्याला "बी" आहे का ते विचारून पाहावं. आणि कुठलाही आकडा सीलर, भुकटी आणि प्रमाण या तिन्हींच्या जोडीचा असतो. नुसत्या भुकटीला आकडा नसतो.

घरी ढोबळ तुलना करता येते. तळहाताएवढ्या लाकडाच्या तुकड्याखाली जुन्या चपलेचा रबरी तळ चिकटवावा, वर ५ किलोचं वजन ठेवावं आणि सामान तोलायच्या हुकाच्या काट्याने आडवं, सावकाश ओढावं. सरकत असताना काटा ३ किलो दाखवत असेल तर भागाकार ०.६. तीच जागा साबणाच्या पाण्याने ओली करून पुन्हा ओढावं. सीलरच्या आधी, नंतर आणि वर्षभराने अशी नोंद ठेवली तर झीज कळते. हे आकडे डब्यावरच्या आकड्यांशी मात्र ताडू नयेत. ओल्या जमिनीवर थांबलेली वस्तू हलायच्या आधी चिकटून बसते आणि आकडा खोटा चढतो, म्हणून हलायच्या क्षणाचा आकडा सोडून सरकतानाचा घ्यायचा. थांबलेल्या वस्तूचं घर्षण मोजणारं सी-१०२८ हे जुनं अमेरिकी मानक २०१४ मध्ये मागे घेतलं गेलं.

पायऱ्यांवर घसरणीइतकाच धोका कड न दिसण्याचा असतो. एकाच रंगाचा, एकाच ठशाचा जिना वरून पाहिला तर सपाट दिसतो. भुकटी टाकावी, आणि प्रत्येक पायरीच्या पुढच्या कडेला ५० मिलिमीटरची ठळक वेगळ्या रंगाची खरखरीत पट्टी द्यावी. चिकटवायची टेप बाहेर फार टिकत नाही, कडा उचलल्या की तीच पायात अडकते. काँक्रीटमध्ये बसवलेली पट्टी चांगली. १:१२ च्या उतारावर चमकदार थर आणि भुकटी हे समीकरण आम्हाला पटत नाही. तिथे झाडू फिरवून केलेला आडव्या रेघांचा पोत किंवा खडी उघडी ठेवलेला पृष्ठभाग घ्यावा, आणि वर झिरपणारं सीलर.

आता निगा. सावलीत शेवाळ धरलं की भुकटीचा काही उपयोग उरत नाही, कारण पाय शेवाळावर पडतो, दाण्यावर नाही. दाण्यांमुळे शेवाळाला धरायला जागा मिळते, हेही कबूल करायला हवं. पर्कार्बोनेट असलेला ऑक्सिजन ब्लीच पाण्यात कालवून, ताठ नायलॉनच्या ब्रशने घासून धुवावं. तारेचा ब्रश दाणे उपटतो. अ‍ॅसिड आणि क्लोरीनचा ब्लीच एकापाठोपाठ एक वापरू नयेत, क्लोरीन वायू निघतो. पाणी साचत असेल तर आधी उतार तपासावा. मीटरला १ ते २ सेंटिमीटर उतार नसेल, तर कुठलीही भुकटी डबक्याच्या तळाशी बसून राहील.

दोन-तीन वर्षांनी पुन्हा सीलर मारायची वेळ येते आणि नेमकी तेव्हा पकड जाते. कारागीर "नुसता चमकीचा एक हात" देतो आणि जुने दाणे बुडतात. प्रत्येक नव्या हातात भुकटी हवीच. तरीही तीन-चार वेळा असं झालं की थर इतका जाड होतो की दाण्यांची टोकं वर निघत नाहीत. मग स्ट्रिपर लावून सगळं काढावं लागतं. स्ट्रिपर ओला राहावा म्हणून वर प्लास्टिक अंथरतात, थर लोण्यासारखा मऊ झाला की प्लास्टिकच्या खरवडणीने खाचांसकट काढतात आणि भरपूर पाण्याने धुतात. खाचांमधला चिकटा राहिला तर नव्या थराला तिथूनच पापुद्रे सुटतात, म्हणून धुऊन झाल्यावर खाचेत बोट फिरवून पाहावं आणि मगच ओलीची प्लास्टिकची चाचणी पुन्हा लावावी.